पाऊस गेला, पद्मिनी बाहेर काढायची: अंगणात की गॅरेजात?

दसऱ्याला गाडीला झेंडूचा हार घालायचा असेल तर ताडपत्री निदान पंधरा दिवस आधी काढावी. आम्ही एका वर्षी आदल्या दिवशी काढली आणि हार बंद गाडीलाच घातला.

थंड देशांत जुन्या गाड्या बर्फाच्या आणि रस्त्यावर टाकलेल्या मिठाच्या धास्तीने हिवाळाभर झाकून ठेवतात. आपल्याकडे ते काम पाऊस करतो. आमची जुनी प्रीमियर पद्मिनी मोटार गोव्यात फोंड्याजवळ, कुळागराच्या, म्हणजे सुपारीच्या बागेच्या, कडेच्या शेडमध्ये जूनपासून उभी असते. शेड गळत नाही, पण चार महिने हवाच ओली असते. मग दरवर्षी तोच प्रश्न: सगळं स्वतः करावं, की गाडी उचलून गॅरेजात पाठवावी? दोन्ही करून झालंय. माझं मत आधीच सांगून टाकतो. गाडी चालू करण्याचं काम घरी, थांबवण्याचं मेकॅनिककडे.

इंजिनाला घाई चालत नाही, आणि गॅरेजात तर घाईच असते. म्हणून ते घरी. आधी एअर फिल्टरचा डबा उघडा. गेल्या वर्षी आमच्या डब्यात उंदराने सुपारीच्या सालींचं अख्खं घरटं बांधलं होतं. वायरीही कुरतडलेल्या नाहीत ना, ते बॅटरी जोडण्याआधी बघा. मग चारही स्पार्क प्लग काढून प्रत्येक भोकात चमचाभर इंजिन ऑइल सोडायचं, गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकायची आणि दोघांनी हळूच ढकलायची. पंख्याचा पट्टा हलला की समजा, इंजिन मोकळं आहे. गाडी तसूभरही हलली नाही तर जोर लावू नका. चाकं धरलीत की इंजिन, हे गाडी न्यूट्रलमध्ये टाकून ढकलली की कळतं, पण दोन्हीत मेकॅनिकलाच बोलवा. ऑइलची पट्टी दुधाळ दिसली तरी तेच.

बॅटरी चार्ज करायची की नवी घ्यायची, हा हिशेब सोपा आहे. रात्रभर सावकाश चार्ज करा, एक दिवस नुसती ठेवा, मग मीटर लावा. १२.६ व्होल्टच्या आसपास असेल तर ठीक, १२.४च्याही खाली घसरली तर नव्या बॅटरीची तयारी ठेवा.

पेट्रोलबाबत माझं मत बदललंय. पूर्वी जुन्यात पाच लिटर ताजं ओतलं की गाडी फुरफुरत का होईना सुरू व्हायची. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि पाणी फार झालं की दोन्ही मिळून टाकीच्या तळाशी बसतात. पेट्रोल-हवा मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरला नेमकं तेच मिळतं. वर जुन्या रबरी नळ्या आणि गाडीतल्या पेट्रोल पंपाचा पडदा इथेनॉल गृहीत धरून बनवलेलेच नाहीत. तेव्हा टाकी रिकामी करा आणि नळ्या बदला. दोन्ही घरी जमतं, फक्त शेडबाहेर, उघड्यावर करा. तोंडाने नळी ओढायचा पराक्रम नको.

इंजिन सुरू झालं, पण गिअर पडताना करकर होते? क्लच प्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटली असेल. मोठा खर्च वाटतो, पण इंजिन बंद करून पेडल लाकडाच्या ठोकळ्याने रात्रभर दाबून ठेवलं तर कधीकधी सुटते. नाही सुटली तर मात्र गॅरेज.

आता ब्रेक. पहिल्या वर्षी इंजिन एका दमात लागलं, त्या आनंदात मी गाडी थेट फर्मागुडीला नेली. परतीच्या उतारावर पेडल मऊ लागलं, दुसऱ्यांदा दाबलं तर सरळ तळाला गेलं. दुसरा गिअर, मग हँडब्रेक, आणि तोंडात शांतादुर्गेचं नाव. गाडी दगडी गडग्याच्या हातभर अलीकडे थांबली. मागच्या डाव्या चाकाच्या ब्रेक सिलिंडरचं रबर गेलं होतं. टायरच्या आतल्या बाजूचा ओला डाग घरून निघण्याआधीही असणार, मी वाकून बघितलंच नाही. जुन्या गाड्यांत बऱ्याचदा ब्रेकची एकच लाइन असते. एका चाकाकडे गळती लागली की चारही चाकांचा दाब जातो.

ब्रेक ऑइलही पाणी शोषतं, त्याने सिलिंडर आतून गंजतात, आणि बाहेरून काही कळत नाही. चारही चाकांचे ब्रेक ड्रम उघडणं, रबरं बदलणं, नवं ऑइल भरून ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढणं, हे ज्याने शेकडो वेळा केलंय त्याच्याच हातून व्हावं. मात्र ब्रेकचा भरवसा नसलेली गाडी दोरीने ओढून गॅरेजात नेऊ नका. ट्रकवर चढवा, नाहीतर मेकॅनिकलाच घरी बोलवा. मी दुसरं करतो, ट्रकच्या भाड्यापेक्षा ते स्वस्त पडतं. आणि माणूस कार्ब्युरेटरच्या काळातला बघा. स्कॅनर लावून बिघाड शोधणाऱ्या पोरांना ठिणगीची वेळ ठरवणारा पॉइंट कुठे असतो तेही आपणच दाखवावं लागतं.

पुढच्या वर्षासाठी: उभी करताना हँडब्रेक ओढू नका, चाकाखाली चिरा लावा. ओढलेला राहिला तर ब्रेक शू ड्रमला धरतात आणि तेवढ्यासाठी ड्रम उघडावा लागतो.

टायरला भेगा नसल्या तरी कडेवरचा चार आकड्यांचा कोड वाचा. ३२१६ म्हणजे २०१६चा बत्तिसावा आठवडा. इतका जुना टायर मी ठेवणार नाही. विमा आणि पीयूसीच्या तारखा पावसात हमखास उलटून जातात, त्या ताडपत्री काढतानाच बघा.

वेळच नसेल, किंवा गाडी दोन पावसाळे हललेली नसेल, तर अंगणातला खटाटोप सोडा आणि सगळंच मेकॅनिककडे सोपवा. पण ड्रम उघडतील तेव्हा समोर उभे राहा. काढलेली रबरं मागून घ्या, बोटाने चेपून बघा. आमची खडूसारखी तुटली होती.

पहिली फेरी अजूनही मी फर्मागुडीच्या बाजूला नेत नाही. वस्तीतल्या सपाट रस्त्यावर चार वेळा थांबायचं, घरी यायचं, आणि टॉर्च घेऊन चारही चाकांच्या मागे वाकून बघायचं.