क्रॉइत्सबर्गमधलं तुर्की खाणं एका दिवसात: शुक्रवारी जा आणि सुरुवात डोनरने करू नका

बर्लिनला येणारा प्रत्येक पाहुणा मला पहिला प्रश्न विचारतो की चांगला डोनर, म्हणजे उभ्या सळीवर भाजलेल्या मांसाचे काप पावात घालून देतात तो, कुठे मिळतो, आणि मी चार वर्षांपासून सगळ्यांना एकच सांगतेय की बाबा डोनर खा पण तेवढंच खाऊन परत जाऊ नकोस, क्रॉइत्सबर्गला, म्हणजे इथल्या तुर्की वस्तीच्या भागाला, पूर्ण एक दिवस दे. या वेळी आई भुसावळहून आली होती, ती शाकाहारी, आणि सोबत माझा मावसभाऊ जो इथे मास्टर्स करतोय आणि मटणाशिवाय ज्याचं जेवण होत नाही. दोघंही रात्री खूश होऊन घरी आले म्हणून हे सविस्तर लिहितेय.

दिवस मंगळवार किंवा शुक्रवारच निवडा, कारण कालव्याकाठचा माइबाखऊफरचा बाजार त्याच दोन दिवशी असतो. आम्ही शुक्रवारी गेलो. ऊ-बानने, म्हणजे इथल्या मेट्रोने, कोटबुसर टोरला उतरायचं, सगळे त्याला कोटी म्हणतात. स्टेशनचा परिसर पहिल्यांदा बघून आई जरा बिचकली, गर्दी आहे, नशेत बसलेली माणसं दिसतात, पर्स पुढे धरा आणि चालत राहा, दिवसा काही त्रास होत नाही.

सकाळी साडेनऊला एका बेकरीत सिमित आणि चहा. सिमित म्हणजे तीळ लावलेलं पावाचं कडं, बाहेरून कडक आतून मऊ, सोबत पांढरं चीज आणि ऑलिव्ह. चहा कमरेत बारीक अशा छोट्या काचेच्या ग्लासात येतो, दूध नाही, बशीत साखरेचे दोन खडे. आईला बिनदुधाचा चहा म्हणजे आजारपणातला चहा, तरी दोन ग्लास प्यायली. तिथेच मेर्जिमेक चोरबासी मागवलं, हे मसूर डाळीचं सूप, त्यावर लोण्यात परतलेली लाल मिरची आणि बाजूला लिंबाची फोड. लिंबू पिळा म्हणजे पिळाच, त्याशिवाय चव उघडत नाही. आई म्हणाली हे तर आपलं वरणच आहे, फक्त हिंग नाही. काउंटरवरच्या बाईंना मावसभाऊ अबला म्हणत होता, म्हणजे ताई, आणि पुरुषाला आबी म्हणजे दादा, इथे तरुण मुलं असंच बोलतात. बिल मागायचं तर हेसाप, आपला हिशेबच तो. बदामाला बादेम, साबणाला साबून, आईला हे शब्द ऐकून इतका आनंद झाला की दिवसभर ती पाट्याच वाचत होती.

मग बाजार. पूल ओलांडला की कालव्याच्या काठाने एका रेषेत स्टॉल लागलेले, पार्सली आणि पुदिन्याच्या मोठ्या जुड्या, ऑलिव्हचे टप, चीज, ब्रेड, मध्येच कापडाचे तागे, आणि विक्रेते ओरडतायत गेल गेल, आइन ऑयरो, म्हणजे या या, एक युरो. अकराच्या सुमाराला गेलात तर निवांत बघता येतं. ऑलिव्हवाल्याकडे चव बघूनच घ्या, ते स्वतःहून देतात.

इथे आम्ही सगळ्यात जास्त वेळ थांबलो ते ग्योझ्लेमेच्या, म्हणजे सारण भरलेल्या पातळ पोळीच्या, स्टॉलवर. एक साठीतल्या बाई बसून लाटत होत्या. लाटणं आपल्यासारखं जाडजूड नाही, बोटाएवढं बारीक आणि हातभर लांब, त्याला ओक्लावा म्हणतात. पिठाचा गोळा त्याच्याभोवती गुंडाळायचा, तळव्याने पुढेमागे फिरवायचा, उलगडायचा, किंचित वळवायचा, परत गुंडाळायचा, चार-पाच वेळात त्याची इतकी पातळ पोळी होते की खालचा पाट दिसावा. मग अर्ध्यावर पालक आणि चीज, दुमडायची आणि मधोमध फुगीर असलेल्या लोखंडी तव्यावर टाकायची. त्या तव्याला साच म्हणतात. आई तो तवा बघून हललीच नाही. आमच्याकडे खानदेशात मांडे उलट्या खापरावर करतात, चुलीवर मातीचं खापर पालथं आणि हातावर वाढवत नेलेली पुरणाची पोळी त्यावर अलगद पसरायची, माझी आजी करायची, आईला कधी तेवढं मोठं जमलं नाही असं ती स्वतः सांगते. तिने त्या बाईंना हाताने खुणा करून विचारलं, बाईंनी तिला पलीकडून बोलावलं आणि ओक्लावा हातात दिला, आणि आईने एक पोळी लाटली, कडा जरा जाड राहिली तर बाईंनी तिच्या हातावर हात ठेवून दाब कुठे द्यायचा ते दाखवलं. दोघींना एकमेकींची भाषा एक शब्द येत नव्हती. एलिने साल्लक म्हणतात तुर्कीत, तुझ्या हाताला आरोग्य लाभो, चांगलं करून खायला घालणाऱ्याला असं म्हणायचं असतं, मी ते मोबाइलवर शोधून आईकडून म्हणवून घेतलं तेव्हा बाईंनी आईचा गालच धरला.

चव? पालकाचा छान, बटाट्याचा शाकाहाऱ्यांना जास्त आवडेल, तव्यावरून उतरल्या उतरल्या खा, पाच मिनिटांनी चामट होतो. सोबत आयरान, म्हणजे मीठ घातलेलं ताक, पण आपल्यापेक्षा दाट.

हे सगळं इथे का आहे हे माहीत असलं की खाताना वेगळं वाटतं. 1961 च्या ऑगस्टमध्ये पूर्व आणि पश्चिम बर्लिनमधली भिंत उभी राहिली, पूर्वेकडून रोज येणारे कामगार एका रात्रीत थांबले, आणि त्याच वर्षी 30 ऑक्टोबरला पश्चिम जर्मनीने तुर्कस्तानशी कामगार आणायचा करार केला. क्रॉइत्सबर्ग तीन बाजूंनी भिंतीला लागून, पुष्कळशी घरं पाडायच्या यादीत, भाडं कमी, म्हणून माणसं इथे राहिली. थोडे पैसे साठवून परत जायचं म्हणून आलेली माणसं, त्यांची नातवंडं आता ही दुकानं चालवतात. परदेशात राहणाऱ्या माझ्यासारख्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

दुपारी दोनला डोनर. पावात घालून विकायचा मान बहुतेक वेळा कादिर नुरमान यांना देतात, 1972 मध्ये पश्चिम बर्लिनच्या झू स्टेशनजवळ. निवडताना पाटीवर नाव बघा. जर्मनीत नुसतं डोनर केबाप म्हणून विकायचं तर मांस गाय, वासरू किंवा मेंढीचंच लागतं आणि खिमा 60 टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही, ते न पाळणारे ड्रेश्पीस असं लिहितात. याप्राक लिहिलं असेल तर मांसाचे काप एकावर एक लावलेले, ते उत्तम. गोमांस नको असेल तर हेन्शन म्हणजे चिकन मागा. मेरिंगडाम रस्त्यावरच्या मुस्तफाच्या दुकानातला भाज्या घातलेला चिकन डोनर प्रसिद्ध आहे पण रांग फार मोठी असते, एकाच दिवसात सगळं करायचं तर तिथे वेळ घालवू नका. आम्ही कोटीजवळ एका ठिकाणी घाईत घेतला आणि तो चुकला, मांस कोरडं आणि सॉसखाली लपवलेलं. सात युरो गेले. सळीवरच्या मांसाच्या शंकूकडे बघा, गुळगुळीत एकसंध राखाडी दिसला तर पुढे चला, थर दिसले पाहिजेत. आणि ते विचारतील मिट आलेस, शार्फ? सगळं घालू का, तिखट? दोन्हीला हो म्हणा.

आईसाठी चिय क्योफ्ते घेतलं. मूळ पदार्थ कच्च्या मांसाचा, पण दुकानात मिळतं ते बहुतेक दलिया, टोमॅटोची पेस्ट आणि तुर्कस्तानातल्या उर्फाकडची काळपट मिरची मळून केलेलं, पूर्ण शाकाहारी, तरी घेताना एकदा विचारून घ्या. पातळ रोटीत सॅलड, लिंबू आणि डाळिंबाचा आंबट पाक घालून गुंडाळून देतात. दिवसातला माझा सगळ्यात आवडता पदार्थ हाच, आणि सगळ्यात स्वस्त पण.

चारला क्युनेफे, शेवयांमध्ये चीज घालून तव्यावर भाजलेलं आणि वरून साखरेचा पाक आणि पिस्ता. गरम असतानाच चीज ताणलं जातं, फोटो काढत बसू नका. तिघांत एक पुरतं.

सहाला परत बाजारात गेलो कारण साडेसहाला उठायच्या आधी भाव पडतात. दोन युरोत वांग्यांचं खोकं मिळालं, लांब काळी वांगी. आपल्या जळगावच्या हिरव्या भरताच्या वांग्याची सर नाही पण ताजी होती.

ते खोकं घेऊनच अदाना ग्रिलहाउस नावाच्या हॉटेलात जेवायला गेलो. कोळशावर भाजतात, बाहेरूनच वास येतो. अदाना केबाप म्हणजे हाताने बारीक केलेल्या मेंढीच्या मांसात मिरची आणि चरबी, रुंद सळीवर थापलेलं, मावसभावाने दोन प्लेट संपवल्या. डोयुम नावाच्या हॉटेलातलं पण चांगलं असतं, आडमिरालस्ट्रासवर, पण तिथे या वेळी गेलो नाही. सोबत शालगाम घ्या, काळ्या गाजराचं आंबवलेलं खारट पाणी, पहिला घोट विचित्र, तिसऱ्या घोटाला मांसाबरोबर का पितात ते कळतं. आईला निखाऱ्यावर भाजलेलं वांगं आणि मिरची आणून दिली, साल काढून, वर लसूण आणि दही. तिने डोळे मिटून पहिला घास घेतला आणि म्हणाली धूर बरोबर लागलाय. खानदेशात भरताची परीक्षा तिथेच होते.

तिघांचे दिवसभरात साधारण 80 युरो झाले. कॅश ठेवा, बाजारात कार्ड बहुतेक ठिकाणी घेत नाहीत.

घरी आमच्याकडे इलेक्ट्रिक शेगडी, त्यावर वांगं भाजत नाही. टेम्पेलहोफच्या जुन्या विमानतळाच्या मैदानात ठरावीक जागी कोळशाची शेगडी लावायला परवानगी आहे, रविवारी खोकं घेऊन तिकडे जातोय, आईने शेंगदाणे आणि हिरवी मिरची आत्ताच काढून ठेवलीये.