टंगस्टनच्या गोळ्या: 1,150 रुपये पाण्यात टाकून पाहिले

आधीच सांगतो, गळाला वजन म्हणून लावायच्या या गोळ्या विकणाऱ्या कंपनीचा मी माणूस नाही, गळवाला आहे. 32 वर्षं टूलरूममध्ये काढली. निवृत्त झाल्यापासून महिन्यातले दोन-तीन रविवार उजनीच्या फुगवट्यावर, भिगवणच्या आसपास. चिलापी, राहू, नशीब असेल तर मरळ.

गळाच्या वजनाला लागणारं शिसं मी कायम घरीच ओतलं. टायरवाल्याकडून बॅलन्सिंगची जुनी शिशं किलोवर आणायची, कढईत वितळवायची (327 अंशाला पाणी होतं), लेथवर केलेल्या साच्यात ओतायची. सौ. दार लावून आत बसायची आणि आतूनच ओरडायची, "ती कढई घरात आणलीत तर बघा!" तिचं बरोबर होतं, हे आता कळतंय.

डोळे उघडले ते 2023 मध्ये, भाच्याकडे इंग्लंडमध्ये रीडिंगला गेलो तेव्हा. थेम्सवर बसायची हौस म्हणून गळाच्या दुकानात शिरलो आणि 10 ग्रॅमची शिशं मागितली. दुकानदाराने दुसराच डबा पुढे केला. भाचा म्हणाला, "मामा, इथे छोट्या शिशांवर 1987 पासून बंदी आहे." 0.06 ग्रॅमपासून 28.35 ग्रॅमपर्यंतचं शिसं तिथे विकत नाहीत. कारण हंस. 1985 मध्ये सनबरी ते पँगबोर्न या थेम्सच्या पट्ट्यात हंसांच्या 7 जोड्या उरल्या होत्या. रीडिंग याच पट्ट्यात येतं. आज कॅव्हरशॅमच्या पुलाखाली पावाचा तुकडा काढा, हंस तुमच्या बोटांवरच येतात.

हे होतं कसं, ते ज्याने कलेजी-पेठा साफ करताना पाहिलाय त्याला लगेच कळेल. कोंबडीचा पेठा चिरला की आत वाळूचे खडे निघतात. पक्ष्याला दात नाहीत, तो खडे गिळतो आणि पेठ्यात दाणे दळतो. हंस, बदक तळाशी खडे शोधताना तुटून पडलेलं शिसंही उचलतात. खडा दळून बारीक होतो, पण शिसं दळलं जाताना पोटातल्या आम्लात विरघळून रक्तात उतरतं. शरीराला ते कॅल्शियमसारखं वाटतं, म्हणून हाडात साठत जातं. अन्ननलिकेचे स्नायू लुळे पडतात, खाल्लेलं खाली सरकत नाही, मान टाकली जाते. पोट भरलेलं असून पक्षी उपाशी मरतो.

मासेखाऊ पक्ष्यांची तऱ्हा वेगळी. अमेरिकेत न्यू हॅम्पशायरच्या तलावांवरचा लून तंगूस तोडून पळालेला मासा गळ-शिशासकट गिळतो. तिथे 2000 पासून तलावांत छोटी शिशं वापरायला बंदी आहे. आपले पाणकावळे काय वेगळं करतात?

परत आल्यावर हिशेब मांडला. उजनीच्या पोटात जुनी गावं आहेत, भिंती, बाभळीचे बुंधे. एका रविवारी माझी पाचेक शिशं तरी अडकून तुटतात. 20 ग्रॅमची पाच, वर्षाच्या 30 खेपा, म्हणजे 3 किलो. आठ वर्षांत 24 किलो, एकट्या माझं. वर उजनीचं पाणी मे महिन्यात इतकं उतरतं की जानेवारीत जे 20 फुटांखाली पडलं, ते तेव्हा घोटाभर चिखलात येतं. तिथेच हळदी-कुंकू बदकं चोची घालत असतात.

तर आता शिशाच्या बदली मिळणारा माल.

ऑनलाइन मागवलेलं पहिलं पाकीट टंगस्टन म्हणून आलं. काळा रंग, छान डबी. दहा गोळ्या, वजन बरोबर 200 ग्रॅम. पण व्हर्नियर लावला तर एकेक 15 मिलिमीटर. हा तर माझ्याच साच्याचा आकार! औषधाच्या मापात पाणी घेऊन दहाही बुडवल्या. पाणी 18 मिली चढलं. टंगस्टन शिशाहून जड, त्याच्या असत्या तर 11-12 वर थांबलं असतं. रंग खरवडून कागदावर ओढली, पेन्सिलसारखी करडी रेघ उठली. रंगवलेलं शिसं. परत पाठवलं, पैसे मिळाले. विक्रेत्याचं नाव घेत नाही, त्याने आतापर्यंत बदललंही असेल.

दुसरं पाकीट खरं निघालं. पाच गोळ्या, 1,150 रुपये, प्रत्येकी 20 ग्रॅम, व्यास 13 मिलिमीटर. फेकल्यावर वाऱ्याला जुमानत नाही आणि तळाला लागली की दगड आहे का चिखल, ते बोटाला कळतं. शिशाने हे कधी सांगितलं नव्हतं. खोट भोकात आहे. कड धारदार आहे, दोन तासांत तंगूस कातरला आणि 230 रुपये गेले. आता भोकात रिफिलच्या नळीचा तुकडा बसवतो. 230 रुपयांच्या वस्तूला रिफिल लावावी लागते, याचा राग आहेच. घरी ओतायचं म्हणाल तर विसरा, टंगस्टन 3,422 अंशाला वितळतं.

पोलादी गोळ्या स्वस्त, 10 नगांना 340. पण 20 ग्रॅमला 17 मिलिमीटर फुगतात, दगडात हमखास बसतात आणि डब्यात गंजतात. जस्ताच्याही मिळतात. त्या घेऊ नका, जस्तही पक्ष्यांना विषच आहे.

खरी खरेदी मात्र रीडिंगहून आणलेली टंगस्टनची पुट्टी. 20 ग्रॅमची गोळी बदक सहसा गिळणार नाही. खरा घात ग्रॅम-दीड ग्रॅमच्या शिशाच्या मण्यांचा, जे आपण तरंगत्या बुचाखाली तंगुसावर दाताने दाबतो. (हो, दाताने. मी 40 वर्षं दाबले.) पुट्टीचा वाटाण्याएवढा गोळा चिमटीत वळून लावायचा, काम झालं की काढून परत डबीत. डिसेंबरच्या पहाटे दगड होते, खिशात ठेवा. मे महिन्यात दुपारी लोण्यासारखी, तेव्हा पाण्याच्या बाटलीला टेकवून ठेवा. दीड वर्षं झालं, अर्धी डबी अजून शिल्लक आहे.

मोठ्या वजनाला मी सध्या काय वापरतो ते सांगितलं तर हसाल. एम-12 चा काळा नट. साधारण 16 ग्रॅम, जस्ताचा मुलामा नसलेला, अडकला तरी जीव जळत नाही. टंगस्टन फक्त वारा असेल त्या दिवशी. गोळ्यांना पाचपैकी तीन, पुट्टीला साडेचार.

साच्याला गिऱ्हाईक आहे. आमच्या घाटावरचा एक जण गेले दोन महिने मागतोय. मी त्याला दर वेळी मूठभर नट देतो.