युनिव्हर्सलच्या राक्षसपटांचा संच: टीव्हीवरचा काळा रंग जमला तर पैसे वसूल

हॅलोविनला, म्हणजे ३१ ऑक्टोबरच्या आसपास, घरी जुने कृष्णधवल भयपट लावायचे असतील तर ‘युनिव्हर्सल क्लासिक मॉन्स्टर्स: द इसेन्शियल कलेक्शन’ हा हॉलिवूडच्या युनिव्हर्सल स्टुडिओचा २०१२ चा ब्ल्यू-रे डिस्कचा संच आजही घेण्याजोगा आहे. १९३१ च्या ‘ड्रॅक्युला’पासून १९५४ च्या ‘क्रिएचर फ्रॉम द ब्लॅक लगून’पर्यंत आठ चित्रपट. बहुतेक ७० ते ८० मिनिटांचे, त्यामुळे जेवणं उरकून नऊला बसलं की बाराच्या आत दोन होतात. १९४३ चा ‘फँटम ऑफ द ऑपेरा’ मात्र रंगीत आहे आणि भीतीपेक्षा गाण्याकडे झुकलेला. तो या रांगेत बसत नाही.

संच बाहेरून मागवताना डिस्कचा विभाग, म्हणजे ती कुठल्या भागातल्या प्लेअरवर चालते त्याचं अक्षर, तपासा: अमेरिका ए, युरोप बी, भारत सी. आपल्या प्लेअरला न चालणारी डिस्क आली तर ती नुसती शोभेची. मराठी-हिंदी सबटायटल्स नाहीत, इंग्रजी आहेत.

खरी मेहनत टीव्हीच्या सेटिंगवर घ्यावी लागते. दुकानातून आलेला टीव्ही बहुधा भडक मोडवर असतो आणि त्यात कृष्णधवल चित्र निळसर दिसतं. सिनेमा किंवा फिल्ममेकर मोड लावा, रंगाचं तापमान ‘वॉर्म’ करा, शार्पनेस जवळजवळ शून्यावर आणा, नाहीतर माणसांच्या कडेला पांढरी रेघ उमटते. हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंदच हवी. सेकंदाला २४ फ्रेम्सचा सिनेमा तिच्यामुळे टीव्ही मालिकेसारखा दिसतो. ‘क्रिएचर’ सोडला तर चित्र जवळपास चौकोनी आहे, ते ताणून पडदा भरू नका. दोन्ही बाजूंना उरलेल्या काळ्या पट्ट्या कामाला येतात: ड्रॅक्युलाचा झगा पट्टीत पूर्ण विरघळला तर ब्राइटनेस कमी आहे, पट्ट्याच करड्या दिसल्या तर जास्त.

एवढं कशासाठी, ते ‘ड्रॅक्युला’तच कळतं. छायाचित्रकार कार्ल फ्रॉइंड, ड्रॅक्युला झालेल्या बेला लुगोसीच्या चेहऱ्यावर अंधार आणि फक्त डोळ्यांवर प्रकाशाचे बारीक झोत. टीव्हीचं डायनॅमिक कॉन्ट्रास्ट (दृश्यानुसार उजेड-अंधार आपोआप बदलणारी सोय) चालू असेल तर अख्खा चेहरा उजळतो आणि ती नजर मेली म्हणून समजा. ‘द इनव्हिजिबल मॅन’मध्ये (१९३३) नटाला काळ्या मखमलीत गुंडाळून काळ्या मखमलीसमोरच उभं केलं होतं आणि ते चित्रण मग दुसऱ्या चित्रणावर जोडलं. ब्राइटनेस वाढवलात की हा जोड उघडा पडायला लागतो.

संचातला सर्वांत मोलाचा चित्रपट ‘फ्रँकेनस्टाइन’ (१९३१). राक्षस लहान मुलीला तळ्यात टाकतो तो तुकडा सेन्सॉरने कापला होता. तो नसला की बाप मुलीचं प्रेत उचलून आणताना प्रेक्षक भलतंच काही समजतो. इथे तो तुकडा आहे, आणि राक्षसाचा निरागसपणा कळतो. कोल्हापूरकरांना हे नवं नाही. बाबूराव पेंटरांच्या ‘सैरंध्री’तला (१९२०) कीचकवधही अति भीषण म्हणून कापला गेला होता.

आवाज मोनो, म्हणजे एकाच वाहिनीचा आहे. साउंडबारवर सराउंड लावलं की संवाद पोकळ येतात, स्टँडर्डवरच ठेवा. ‘ड्रॅक्युला’त सुरुवातीच्या नामावलीनंतर संगीत फारसं नाहीच आणि धास्ती त्या शांततेतच आहे. ऑक्टोबर हीटमध्ये पंखा हवाच, पण एक-दोनवर. दिवाळी कधी आधी येते, कधी नंतर, म्हणून त्या दिवसांतला फटाक्यांचा आवाज आणि गॅलरीतल्या आकाशकंदिलाचा उजेड आधीच लक्षात घ्या. जाड पडदा लावा. प्रोजेक्टरवर तर हे अत्यावश्यक, कारण भिंतीवर पडलेल्या उजेडापेक्षा काळं काही त्याला दाखवताच येत नाही.

सुरुवात ‘फ्रँकेनस्टाइन’ आणि लगेच ‘ब्राइड ऑफ फ्रँकेनस्टाइन’ने (१९३५) करा. दोन्ही दिग्दर्शक जेम्स व्हेलचे, कथा सलग, आणि दुसरा पहिल्यापेक्षा सरस. ‘द ममी’ (१९३२) संथ आहे, तो रात्री उशिरा नको. पोरंसोरं असतील तर ‘क्रिएचर’ लावा. पाण्याखालची दृश्यं त्यांना धरून ठेवतात.