व्हिसा लागला, पॉलिसी रद्द झाली, प्रवाशाला पत्ताच नाही

युरोप टूरच्या पॅकेजवर ‘इन्शुरन्ससहित’ असं छापलेलं असतं. त्यावर विसंबून सांगलीतलं एक निवृत्त दांपत्य स्वित्झर्लंडला गेलं. तिथे काकांच्या छातीत दुखू लागलं, दवाखान्यात दाखल करावं लागलं. पॉलिसीवरच्या मदत क्रमांकावर फोन केला तर उत्तर आलं, की ही पॉलिसी प्रवास सुरू होण्याआधीच रद्द झाली आहे. सगळं बिल त्यांना स्वतः भरावं लागलं.

व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली पॉलिसीची पीडीएफ बनावट नव्हती, म्हणूनच हा प्रकार नीट समजून घ्यायला हवा. शेंगेन व्हिसासाठी, म्हणजे स्वित्झर्लंडसह युरोपातल्या बहुतेक देशांत चालणाऱ्या एकाच व्हिसासाठी, किमान 30,000 युरोंचं वैद्यकीय कव्हर दाखवावं लागतं. टूरवाल्याने ते काढलं, पण हप्ता स्वतःच्या कार्डवरून भरला आणि अर्जात मोबाईल व ई-मेलही स्वतःचाच टाकला. व्हिसाचा शिक्का बसल्यावर, प्रवासाची तारीख उजाडायच्या आत त्याने पॉलिसी रद्द केली. ओटीपी त्याच्याच फोनवर गेला. परतावा सहसा ज्या खात्यातून पैसे भरले तिथेच जातो, म्हणजे तोही त्यालाच मिळाला. आपल्या फोनमधली पीडीएफ मात्र होती तशीच राहते. ‘रद्द’ असं तिच्यावर कुठेच उमटत नाही.

त्याच कागदावर आणखी एक खोट होती. काकांना मधुमेह आणि बीपी, गोळ्या रोजच्या. अर्जात मात्र ‘पूर्वीचा आजार: नाही’. आजार लिहिला की हप्ता वाढतो किंवा रिपोर्ट मागतात, म्हणून हा रकाना परस्पर भरला जातो. पॉलिसी चालू असती तरी आजार लपवल्याच्या कारणावरून दावा अडकलाच असता. कुठे कुठे जन्मतारीखही बदलतात, कारण साठी-सत्तरीनंतर हप्ता चढत जातो.

म्हणून आमचं स्पष्ट मत आहे: तिकीट, हॉटेल खुशाल टूरवाल्याकडून घ्या, पण इन्शुरन्स वेगळा घ्या. हप्ता स्वतःच्या खात्यातून थेट विमा कंपनीला भरा. मोबाईल आणि ई-मेल स्वतःचा किंवा मुलांचा द्या. अर्ज स्वतः वाचून भरा. टूरवाला ‘इन्शुरन्सचे पैसे पॅकेजमधून वजा होणार नाहीत’ म्हणाला तरी ते पैसे गेले असं समजा. परदेशातल्या दवाखान्याच्या बिलापुढे ते काहीच नाहीत.

पॉलिसी आधीच त्याने काढली असेल तर व्हिसा लागल्यानंतर एकदा आणि मुंबईची गाडी पकडण्याच्या आदल्या दिवशी पुन्हा एकदा कंपनीच्या टोल-फ्री नंबरवर फोन करा. नंबर पीडीएफवरचा घेऊ नका, कंपनीच्या वेबसाइटवरून घ्या. पॉलिसी आज चालू आहे का, नाव आणि पासपोर्ट नंबर बरोबर आहे का, जन्मतारीख काय लिहिली आहे, कोणकोणते देश धरले आहेत, नोंदवलेला मोबाईल कोणाचा आहे, हे सगळं विचारा. मोबाईल टूरवाल्याचा निघाला तर तो तिथल्या तिथे बदलून मागा.

निवड करताना नुसता मोठा आकडा पाहू नका. 50,000 डॉलरच्या पॉलिसीतही ज्येष्ठांसाठी खोलीभाडं, आयसीयू, शस्त्रक्रिया यांवर वेगवेगळी मर्यादा असू शकते. अमेरिकेत मुलांकडे राहायला जाणाऱ्यांना हीच सब-लिमिट सगळ्यात महागात पडते. डिडक्टिबल 100 डॉलर असेल तर प्रत्येक दाव्यात तेवढे पैसे आपल्या खिशातून जातात. जुना आजार उघड करूनही बऱ्याच पॉलिसींत तो फक्त जिवावर बेतलं तरच, तोही मर्यादेत धरतात. सामान उशिरा येणं वगैरे बाबी दुय्यम आहेत.

फसवणूक झालीच तर आधी विमा कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी द्या आणि पॉलिसी कोणत्या तारखेला, कोणाच्या विनंतीवरून रद्द झाली व परतावा कोणत्या खात्यात गेला याची नोंद मागा. हाच मुख्य पुरावा. विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या आयआरडीएआय या सरकारी संस्थेच्या ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर किंवा 155255 वरही तक्रार नोंदवता येते. कंपनीने महिनाभरात उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्याकडे जा; सांगली-साताऱ्यासाठी त्याचं कार्यालय पुण्यात आहे. तिथे वकील लागत नाही, फीही नाही. टूरवाल्याविरुद्ध पोलिसांत तक्रार द्या आणि आपल्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात दावा लावा. त्याला मुदत 2 वर्षांची असते. पॅकेजची पावती, व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं आणि मूळ पीडीएफ तोवर पुसू नका.