स्टोरेज पोर्ट टार्गेट ठेवावा की इनिशिएटर? नागपुरातील मध्यम संस्थांसाठी तुलनात्मक आढावा

धंतोली-रामदासपेठेतील रुग्णालये, हिंगणा आणि बुटीबोरी येथील कारखाने, शहराभोवतीची अभियांत्रिकी महाविद्यालये अशा मध्यम आकाराच्या संस्थांत स्टोरेज वाढवण्याचा विषय निघाला की साधारणपणे तीन प्रस्ताव पुढे येतात. पहिला प्रस्ताव असा की, जुन्या सर्व्हरमध्ये पडून असलेले फायबर चॅनल (स्टोरेजसाठीचे खास वेगवान जाळे) कार्ड टार्गेट म्हणून चालवावे आणि त्या सर्व्हरलाच स्टोरेज करावे. दुसऱ्यात हेच काम साध्या इथरनेटवर आयस्कझीने (स्टोरेजच्या आज्ञा नेहमीच्या नेटवर्कवरून नेणाऱ्या पद्धतीने) करण्याची सूचना असते. तिसरा प्रस्ताव तयार स्टोरेज अ‍ॅरे (अनेक डिस्कांचे स्वतंत्र यंत्र) घेऊन तिचे काही पोर्ट गरजेनुसार इनिशिएटर करण्याचा असतो.

स्कझी म्हणजे डिस्कशी संवाद साधण्याची भाषा; तिच्या व्यवहारात आज्ञा पाठवणारा तो इनिशिएटर आणि ती आज्ञा पाळणारा तो टार्गेट. सर्व्हरमधील कार्ड बहुधा इनिशिएटर म्हणूनच सुरू होते. अ‍ॅरेचे सर्व्हरकडचे पोर्ट टार्गेट असतात. कार्डाला टार्गेट केले की त्या यंत्राचा दर्जाच बदलतो, कारण ते रीबूट करायचे झाल्यास त्याच्यावर विसंबलेल्या प्रत्येक सर्व्हरची व्यवस्था आधी लावावी लागते. म्हणून हा निर्णय घेताना वेगाच्या आकड्यांपेक्षा, रात्री दोन वाजता लन (स्टोरेजने सर्व्हरला दिलेली आभासी डिस्क) दिसेनासे झाले तर ते कोण सोडवणार, या प्रश्नाला मी अधिक वजन देतो.

पहिल्या प्रस्तावाचे आकर्षण समजण्यासारखे आहे. ८ गिगाबिटचा फायबर चॅनल पोर्ट एका दिशेने सेकंदाला सुमारे ८०० मेगाबाइट नेतो, १६ गिगाबिटचा त्याच्या दुप्पट, आणि दोनच यंत्रे जोडायची असतील तर स्विचशिवाय थेट केबलनेही काम भागते. लिनक्सच्या कर्नलमध्ये (गाभ्यामध्ये) २०११ साली आलेल्या २.६.३८ या आवृत्तीपासून एलआयओ ही टार्गेट यंत्रणा समाविष्ट आहे, त्यामुळे सॉफ्टवेअरचा वेगळा खर्च नाही. मात्र कार्ड कोणते, यावर बरेच अवलंबून आहे. क्यूलॉजिकच्या कार्डांसाठी कर्नलमधील नेहमीचा ड्रायव्हर दोन्ही भूमिका निभावतो. एम्युलेक्सच्या नेहमीच्या ड्रायव्हरमध्ये स्कझी टार्गेटची सोय नाही, त्यासाठी वेगळा ड्रायव्हर लागतो आणि तो मोजक्याच कार्डांना चालतो. कपाटात पडलेले कार्ड एम्युलेक्सचे असेल, तर या प्रस्तावावर फार वेळ घालवू नये.

क्यूलॉजिकच्या ड्रायव्हरमध्ये पोर्टाची भूमिका ‘क्यूएल-इनी-मोड’ या पर्यायाने ठरते. त्याचे मूळ मूल्य ‘एक्सक्लुझिव्ह’ असते: पोर्ट इनिशिएटर म्हणून उठतो, त्यावर टार्गेट सुरू केले की इनिशिएटरची बाजू बंद होते आणि टार्गेट काढून घेतले की ती परत येते. ‘डिसेबल्ड’ केल्यास इनिशिएटरची बाजू कधीच सुरू होत नाही, तर ‘ड्युअल’मध्ये दोन्ही भूमिका एकाच पोर्टावर नांदतात. निव्वळ स्टोरेज म्हणून चालणाऱ्या यंत्रासाठी ‘डिसेबल्ड’ सर्वांत स्वच्छ, कारण यंत्र सुरू होताना पोर्ट काही क्षण इनिशिएटर म्हणून फॅब्रिकमध्ये (फायबर चॅनल स्विचच्या जाळ्यात) डोकावत नाही. परंतु हा पर्याय मॉड्यूलचा असल्याने त्या ड्रायव्हरच्या सगळ्या पोर्टांना लागू होतो. तोच सर्व्हर दुसऱ्या क्यूलॉजिक पोर्टावरून सॅनमधील (स्टोरेजच्या सामायिक जाळ्यातील) डिस्कवर बूट होत असेल, तर त्याला आपली बूट डिस्कच सापडणार नाही. अशा यंत्रात ‘एक्सक्लुझिव्ह’ ठेवून हव्या त्या एकाच पोर्टावर टार्गेट सुरू करणे योग्य. ड्रायव्हर आरंभीच्या बूट प्रतिमेतून चढत असल्यास, पर्याय बदलल्यावर ती प्रतिमा पुन्हा बांधावी लागते. ही पायरी राहिली की ‘सेटिंग केले, पण लागू होत नाही’ अशी तक्रार सुरू होते. ‘ड्युअल’चा मोह मात्र टाळावा. एका पोर्टाच्या दोन भूमिका असल्या की झोनिंग (कोणता पोर्ट कोणाला दिसावा याची स्विचवरील आखणी) वाचणे अवघड होते आणि बिघाडाच्या वेळी लॉगमधील कोणती नोंद कोणत्या भूमिकेची, हे उलगडण्यात वेळ जातो. दुसरे कार्ड घेणे त्यापेक्षा स्वस्त पडते.

आयस्कझीच्या बाजूने बोलायचे तर इथे कार्डाची भूमिका बदलण्याचा प्रश्नच येत नाही. नेटवर्क कार्डाला टार्गेट-इनिशिएटर या भेदाचे सोयरसुतक नसते. कोणते सॉफ्टवेअर कोणत्या यंत्रावर चालते, त्यावरून भूमिका ठरते. टार्गेट टीसीपीच्या ३२६० क्रमांकाच्या पोर्टावर ऐकतो, प्रत्येक इनिशिएटर आपल्या आयक्यूएन नावाने ओळखला जातो आणि चॅप या पासवर्ड-पडताळणीने त्याची खातरजमा करता येते. एलआयओ इथेही तेच, त्यामुळे पुढे फायबर चॅनलकडे जायचे ठरले तरी मागच्या डिस्कांची मांडणी तशीच ठेवता येते. मर्यादा वेगाची आहे: १ गिगाबिटच्या एका जोडणीतून सेकंदाला सव्वाशे मेगाबाइटच्या पुढे काही जात नाही, म्हणून रेडिऑलॉजीच्या प्रतिमा किंवा अनेक आभासी यंत्रे ठेवायची असतील तर १० गिगाबिट आणि स्टोरेजसाठी स्वतंत्र व्हीलॅन (वेगळे आभासी नेटवर्क) किमान धरावे. जम्बो फ्रेम (नेहमीपेक्षा मोठी डेटा पाकिटे) वापरायच्या असतील तर दोन्ही टोकांना आणि मधल्या प्रत्येक स्विचवर त्या सारख्या हव्यात. एका ठिकाणी चुकले तर जोडणी जुळते, लॉगिन होते आणि मोठे लेखन सुरू झाले की सारे अडकते.

नागपूरच्या संदर्भात आयस्कझीचा आणखी एक फायदा आहे. इथरनेट जाणणारा माणूस, केबल आणि सुटे भाग शहरात सहज मिळतात. फायबर चॅनलचे झोनिंग हाताळलेला अभियंता मात्र अनेकदा पुण्या-मुंबईहून बोलवावा लागतो, आणि विदर्भ एक्स्प्रेस कितीही वेळेवर आली तरी एक रात्र जातेच.

दोन्ही पर्यायांना सारख्याच लागू पडणाऱ्या दोन गोष्टी आहेत. एलआयओमध्ये फाइलवर आधारलेला बॅकस्टोअर (टार्गेटमागचा प्रत्यक्ष साठा) तयार करताना राइट-बॅक बहुधा आपोआप चालू असते, म्हणजे लेखन स्मृतीत पोहोचले की इनिशिएटरला ‘झाले’ असे उत्तर मिळते. मे महिन्यात वादळी पाऊस येऊन वीज गेली आणि यूपीएसने दगा दिला, तर ‘झालेले’ लेखन प्रत्यक्षात कुठेच नसते. त्यामुळे डेटाबेससाठी ब्लॉक डिस्कवर आधारलेला बॅकस्टोअर घ्यावा किंवा राइट-बॅक बंद करून मंदावलेला वेग स्वीकारावा. दुसरी गोष्ट साधी आहे: मांडणी जतन केलेली असावी आणि ती बूटच्या वेळी पुन्हा उभी करणारी टार्गेट सेवा चालू केलेली असावी.

तयार अ‍ॅरेचा विचार करताना प्रश्न उलटा होतो. तिथे पोर्ट टार्गेट असतात आणि त्यांतले काही इनिशिएटर करावेत का, हे ठरवायचे असते. नेटअ‍ॅपचे उदाहरण घेऊ, कारण या स्टोरेज कंपनीच्या ओनटॅप प्रणालीत ही सोय उघडपणे दिलेली आहे. अ‍ॅरेने स्वतःच टेप ड्राइव्हवर बॅकअप लिहायचा असेल, किंवा दुसऱ्या उत्पादकाच्या जुन्या अ‍ॅरेतील लन आत ओढून घ्यायचे असतील, तर तिला आज्ञा पाठवणारा पोर्ट लागतो, म्हणजेच इनिशिएटर. हा बदल करण्यापूर्वी त्या पोर्टावरील लिफ (पोर्टावर बसवलेले तार्किक जोडणी-पत्ते) हलवावे किंवा काढावे लागतात, पोर्ट ऑफलाइन करावा लागतो आणि नोड (अ‍ॅरेचा नियंत्रक) रीबूट करण्याची तयारी ठेवावी लागते. सॅनचे लिफ नॅसच्या (फाइल-स्टोरेजच्या) लिफप्रमाणे चालू स्थितीत दुसरीकडे सरकत नाहीत, म्हणून आधी सर्व्हरवर मल्टिपाथचे (एकाच लनकडे जाणाऱ्या अनेक वाटांचे) उरलेले मार्ग जिवंत आहेत याची खात्री करून घ्यावी. यूटीए-२ या दुहेरी प्रकारच्या कार्डांत फायबर चॅनल आणि सीएनए (इथरनेट) यांतील निवड पोर्टांच्या जोडीला मिळून लागू होते. एक पोर्ट इकडे आणि एक तिकडे असे जमत नाही, शिवाय एसएफपीही (पोर्टात बसणारी केबल-मॉड्यूलेही) त्यानुसार बदलावे लागतात.

झोनिंगचा बारकावा इथे हमखास नडतो. ओनटॅपमध्ये टार्गेटचे झोन लिफच्या डब्ल्यूडब्ल्यूपीएनवर (फायबर चॅनलमधील ओळख-क्रमांकावर) बांधायचे असतात, भौतिक पोर्टाच्या नव्हे. तोच पोर्ट इनिशिएटर झाला की टेप लायब्ररीशी त्याचा झोन भौतिक पोर्टाच्या डब्ल्यूडब्ल्यूपीएनवर बांधावा लागतो. भूमिका बदलली आणि झोन जुनाच राहिला, तर पोर्ट ऑनलाइन दिसतो पण समोर एकही साधन दिसत नाही.

केवळ टेपसाठी अ‍ॅरेचे पोर्ट खर्ची घालणे मला सहसा पटत नाही. एलटीओ-८ ड्राइव्ह संकोचन न करता सेकंदाला ३६० मेगाबाइटपर्यंत लिहितो आणि त्याला अखंड प्रवाह लागतो. तो तुटला की टेप मागे-पुढे होत राहते, वेळही जातो आणि ड्राइव्हही झिजतो. वेगळा बॅकअप सर्व्हर घेऊन त्यात इनिशिएटर म्हणून एक सॅस (टेप ड्राइव्ह थेट जोडणारे) कार्ड लावले, तर अ‍ॅरेला हात न लावता हेच काम होते. मोठे फाइल-व्हॉल्यूम एनडीएमपी या बॅकअपच्या पद्धतीने थेट टेपवर उतरवायचे असेल तरच पोर्टांची एक जोडी द्यावी. स्थलांतराची गोष्ट वेगळी. ते तात्पुरते असते, त्यामुळे काम संपल्यावर पोर्ट पुन्हा टार्गेट करण्याची तारीख आधीच ठरवून बदलाच्या नोंदवहीत लिहून ठेवावी.

एकूण पाहता, शून्यापासून सुरुवात करणाऱ्या आणि एक-दोन तंत्रज्ञांवर चालणाऱ्या संस्थेने १० गिगाबिटचे आयस्कझी घ्यावे. ज्यांच्याकडे क्यूलॉजिकची कार्डे, फायबर स्विच आणि ते चालवणारा माणूस हे तिन्ही आहेत, त्यांनीच लिनक्सवर फायबर चॅनल टार्गेट उभारावे, तेही चाचणीच्या किंवा दुय्यम प्रतीच्या साठ्यासाठी. रुग्णांच्या चालू नोंदी त्यावर ठेवण्याचा सल्ला मी देणार नाही. अ‍ॅरे असलेल्यांनी दोन्ही नोडांवर किमान दोन-दोन टार्गेट पोर्ट राखून उरलेल्यांचाच इनिशिएटर म्हणून विचार करावा आणि बदल एका वेळी एकाच नोडवर करावा: पहिल्या नोडवरील सर्व मार्ग सर्व्हरच्या मल्टिपाथमध्ये परत दिसल्याशिवाय दुसऱ्याला हात लावू नये.