कान्हेरी लेणी: तीन नंबर पाहून परत फिरू नका

बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातली कान्हेरी लेणी पाहायला येणारे बहुतेक लोक लेणी क्रमांक १, २ आणि ३ पाहतात, उंच बुद्धमूर्तीसमोर फोटो काढतात आणि तासाभरात परतीच्या बसला लागतात. तेवढ्यासाठीही येणं वाया जात नाही. पण कान्हेरी म्हणजे एक चैत्यगृह (स्तूप असलेलं प्रार्थनेचं दालन) नव्हे, तो शंभरावर लेण्यांचा अख्खा संघाराम, म्हणजे भिक्षूंचा मठ आहे. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकापासून पुढे सुमारे हजार वर्षं तो नांदता होता. भिक्षू राहत कुठे, पाणी कुठून भरत, एकत्र कुठे बसत आणि गेलेल्या थेरांचे (ज्येष्ठ भिक्षूंचे) स्तूप कुठे बांधत, हे सगळं एकाच डोंगरावर चालत चालत पाहता येईल अशी जागा दुसरी सांगणं अवघड आहे. स्थळाला पाचपैकी पाच. सोयींना तीन, त्याचं कारण पुढे येईलच.

आधी पोहोचण्याचं. सोमवारी बंद. उद्यानाचं प्रवेश तिकीट वेगळं आणि लेण्यांचं वेगळं, म्हणून दुसऱ्या तिकिटाचे पैसेही हाताशी ठेवा. मुख्य दारापासून लेणी सहा-सात किलोमीटर आत आहेत. बस असते, पण सुट्टीच्या दिवशी रांगेतच वेळ जातो, म्हणून दार उघडताच आत शिरलेलं बरं. परतीची शेवटची बस किती वाजता, ते उतरतानाच विचारून घ्या. नीट पाहायचं तर चार तास लागतात. माणशी दोन लिटर पाणी, पकड असलेले बूट आणि एक चांगली विजेरी एवढं सामान पुरे. खाऊची पिशवी हातात लोंबकळत ठेवू नका. माकडं खेचतात आणि खडकाच्या पायऱ्यांवर त्या झटापटीत तोल जातो.

लेणी क्रमांक ३ चं चैत्यगृह सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीच्या काळातलं, म्हणजे दुसऱ्या शतकाच्या अखेरचं. आत गेल्यावर थेट स्तूपाकडे न जाता खांब पाहा. काहींना कार्ल्यासारखी घटाची बैठक आणि वर प्राण्यांचं शीर्ष आहे, बाकीचे साधे अष्टकोनी आहेत. काम सगळीकडे पुरं झालंच नाही. कार्ल्याच्या छताला लाकडी फासळ्या अजून आहेत, इथलं लाकूड मात्र गेलं आहे. व्हरांड्याच्या दोन्ही टोकांच्या भिंतींवरचे सुमारे सात मीटर उंचीचे उभे बुद्ध नंतरच्या काळातले आहेत. दर्शनी भिंतीवरची दंपतीशिल्पं आणि हे बुद्ध एकाच वेळचे समजण्याची चूक अनेकजण करतात. समोरच्या मोकळ्या जागेतला बांधीव स्तूप १८३९ साली जेम्स बर्ड यांनी उकरला तेव्हा त्यात ताम्रपट मिळाला. त्यावर २४५ हे वर्ष आहे. ते त्रैकूटक राजवंशाच्या संवताचं, म्हणजे पाचव्या शतकाची अखेर.

इथून वर चढताना नजर पाण्यावर ठेवा. कान्हेरीची खरी करामत तिथे आहे. जवळजवळ प्रत्येक विहाराच्या (भिक्षूंच्या राहण्याच्या लेण्याच्या) अंगणाशी खडकात खोदलेलं टाकं आहे. शिलालेखांत त्याला ‘पोढी’ म्हटलंय, आणि कल्याण-सोपाऱ्याच्या दात्यांनी लेण्यासोबत पोढीही दान दिल्याचे लेख आहेत. एखाद्या टाक्यापाशी थांबून वरचा उतार न्याहाळा. खडकात बोट-दोन बोटं खोल पन्हळ कोरलेली दिसेल. ती पावसाचं पाणी लेण्याच्या दारावर न पडू देता बाजूने वळवून टाक्यात आणते. ओढ्यात जुन्या बांधाचे अवशेषही आहेत. हे सगळं वाहतं पाहायचं तर जुलै-ऑगस्टमध्येच यावं, पण तेव्हा कोरीव पायऱ्यांवर शेवाळ धरतं आणि चढण्यापेक्षा उतरताना पाय जास्त निसटतो. जोराच्या सरीत ओढ्याच्या पात्रात उतरू नका, पाणी अचानक वाढतं.

क्रमांक ११ च्या दालनात दोन लांब, बुटके दगडी बाक समांतर कोरलेत. असे बाक वेरूळच्या ५ क्रमांकात आहेत. इथेच राष्ट्रकूट अमोघवर्षाच्या काळातला शके ७७५ चा लेख आहे. क्रमांक ३४ मध्ये छतावर अर्धवट राहिलेलं बुद्धाचं चित्र आहे. डोळ्यांना अंधाराची सवय होईपर्यंत दोन मिनिटं थांबलात तरच रेषा दिसतात. ४१ मधला चार हातांचा, अकरा मुखांचा बोधिसत्त्व अवलोकितेश्वर चुकवू नये, भारतातल्या लेण्यांत तसा दुसरा नाही. ९० मध्ये पहलवी या जुन्या इराणी लिपीतले लेख आहेत, १००९ आणि १०२१ साली इथे आलेल्या पारशी मंडळींनी कोरलेले. अक्षरं वाचायला विजेरी समोरून मारू नका. भिंतीला जवळपास चिकटवून बाजूने धरा, म्हणजे खाचेत सावली पडते आणि अक्षर उठून दिसतं. खडू किंवा पाणी लावणं सक्त टाळा, त्याने दगडाचा पापुद्रा सुटतो.

आता सोयींबद्दल. वरच्या बहुतेक लेण्यांबाहेर नुसता क्रमांक आहे, आत काय पाहायचं ते कोणी सांगत नाही. त्यात आणखी गोंधळ म्हणजे जुन्या गॅझेटियरमधले (इंग्रजी अमलातल्या जिल्हा-माहितीग्रंथातले) क्रमांक आजच्या क्रमांकांशी जुळत नाहीत. पहलवी लेखांचं लेणं तिथे ६६ आहे. जुनं पुस्तक हातात घेऊन फिरणारा हमखास चुकीच्या विहारात शिरतो. आजच्या क्रमांकांचा नकाशा घरूनच कागदावर छापून आणा, डोंगरावर मोबाइलच्या रेंजच्या भरवशावर राहू नका.

क्रमांक ८७ साठी निदान अर्धा तास राखून ठेवा. मुख्य वाटेपासून बाजूला, खडकाच्या लांबलचक छपराखाली ही निर्वाणवीथी आहे. इथे थेरांचे विटांचे स्तूप रांगेने होते. आज बहुतेकांची गोल बैठक आणि विटांचे खालचे थर उरलेत. बसून जवळून पाहिलं की रुंद, चपट्या विटांचा गोलाई साधणारा थर कळतो. कडेच्या विटा सुट्या झाल्यात, त्यावर पाय दिला की कोपरा तुटतो. भिंतीकडची मोकळी पट्टी धरून चाला आणि पाठीवरची पिशवी दारातच उतरवून ठेवा.