समुद्री टाकीचा संप: तयार अ‍ॅक्रिलिकचा की घरी बांधलेला काचेचा?

भुसावळचा मे म्हणजे पारा ४५ च्या आसपास. संप म्हणजे समुद्री माशांच्या टाकीखाली, स्टँडमध्ये ठेवलेली दुसरी टाकी: वरचं पाणी पाइपने त्यात उतरतं, पंप ते परत वर चढवतो. इथे संप नुसता फिल्टर नव्हे. त्यात जास्तीचं पाणी मावतं, आणि पाणी जास्त तितका खारटपणा नि तापमान हळू बदलतं.

तयार अ‍ॅक्रिलिक संप हलका, कप्पे आखलेले, स्किमरची (फेसाबरोबर पाण्यातली घाण काढणाऱ्या यंत्राची) जागा मोजून ठेवलेली. पण ओरखडे पटकन पडतात, आणि माप आपल्या स्टँडच्या दाराशी जुळेलच असं नाही.

मी काचेच्या बाजूचा. जुनी दोन फुटी टाकी असली तर काचवाल्याकडून पट्ट्या कापून आणायच्या. बुडबुडे अडवायला तीन पट्ट्या लावा: पहिलीच्या वरून पाणी, दुसरीच्या खालून, तिसरीच्या पुन्हा वरून. मधलं अंतर साधारण एक इंच. सिलिकॉन बुरशीरोधक नको, ते माशांना बाधतं. चिकटवल्यावर दोन-तीन दिवस घाई नको. (मी केली होती. फरशी पुसत बसलो.)

दोन्हींची खरी परीक्षा वीज गेल्यावर. पंप थांबला की वरच्या टाकीचं पाणी खाली उतरतं. ९० बाय ४५ सेंटीमीटरच्या टाकीत पातळी दोन सेंटीमीटर उतरली तरी आठ लिटर झाले, पाइपमधलं वेगळंच. तेवढी जागा संपात रिकामी हवी. तयार संपात उंची ठरलेली असते, घरच्यात ती आपल्या हातात.

आपल्या कोरड्या हवेत संपावर छोटा पंखा लावला की पाणी चांगलं गार होतं, पण उडतंही तितकंच. ती तूट आरओच्या गोड्या पाण्यानेच भरा. मीठ उडत नाही.